रानलिली (अ) व रानलिली (ब)

जगात एकसारख्या दिसणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत आणि त्या एकच आहेत असे समजणे हे मागासलेल्या बुद्धीचे लक्षण आहे. तांदळातला खडा ओळखायला दात आहेत. जुळ्या पोरांना ओळखायला आई आहे. परंतु जिथे दातांचेही काही चालत नाही आणि आईचेही, तिथे सरकार लागते. म्हणूनच आमचे रानफूल ओळख उपकार्यालय स्थापन झाले.

हे उपकार्यालय पांढरकवड्याला होते. (आता नाही. कोणी शोधत जाऊ नये. त्या जागी सायकल दुरुस्तीचे दुकान आहे आणि त्याचे बरे चालते.) मी तिथे मुख्य कारकून होतो. दुसरा कारकून नव्हता, त्यामुळे माझ्या मुख्यपणाला कोणी कधी आव्हान दिले नाही. पंजाबराव नावाचा शिपाई होता. एक टेबल होते, दोन खुर्च्या होत्या, आणि पंजाबराव उभा राहत असल्यामुळे एक खुर्ची नेहमी शिल्लक असे. शिलकीत चालणारे सरकारी कार्यालय मी तरी दुसरे पाहिले नाही.

आमच्याकडे जोराचा पाऊस पडून उघडीप झाली की तीन-चार दिवसांनी बरडावर एक फूल वर येते. बरड म्हणजे खडकाळ, नांगर न लागणारी जमीन. पान नाही, फांदी नाही, जमिनीतल्या कांद्यातून सरळ एक देठ आणि देठावर एकच फूल. कुठल्याशा इंग्रज साहेबाच्या बंगल्यातून हे कांदे निसटले आणि रानात पसरले असे म्हणतात. लोक त्याला पाण्याचं फूल म्हणत, खाते रानलिली म्हणे. आमचे कार्यालय उघडेपर्यंत सगळ्या तालुक्याचा असा समज होता की ते एकच फूल आहे. ते तीन दिवस टिकते आणि मग माना टाकते. तीन दिवसांत सरकारी काम उरकावे लागणे ही या फुलातली सर्वांत मोठी त्रुटी होय.

सन १९५६च्या जुलैत आम्ही अजून नागपूरच्या राज्यात होतो. फूल उमलले त्या सकाळी मी तार केली. नागपूरचे तज्ज्ञ दुपारी जीपने आले, बरडावर गेले, गुडघ्यावर बसले, पट्टी लावली आणि नोंद केली: रंग पांढरा. नंतर जेवले आणि गेले. सगळे चार तासांत आटोपले.

मग नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली. आमचा जिल्हा होता तिथेच राहिला, राजधानी तेवढी उठून साडेचारशे मैल लांब मुंबईला गेली. एकोणसाठच्या जुलैत फूल उमलले तेव्हाही मी त्याच सकाळी तार केली. मुंबईचे तज्ज्ञ रात्रीच्या मेलने निघाले, दुसऱ्या दिवशी धामणगावला उतरले, तिथून मोटारीने यवतमाळ, यवतमाळला डाकबंगल्यात मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर आमच्या बरडावर. तेही गुडघ्यावर बसले, पट्टी लावली आणि नोंद केली: रंग गुलाबी.

आता दोन्ही तज्ज्ञ पदवीधर होते. दोघांच्याही सह्या ठळक होत्या. दोघांपैकी एक विद्वान कमी करण्यापेक्षा एक फूल वाढवणे सोयीचे होते, आणि खात्याने तेच केले. अशा रीतीने आमच्या तालुक्याला विनाखर्च एक नवीन जात मिळाली. दोन्ही जातींतला फरक सर्वसामान्य जनतेला कळावा म्हणून खात्याने एक तक्ता काढला. मी तो स्वहस्ते साफ लिहून भिंतीवर लावला. वाचकांनी तो नीट वाचावा, पुढे उपयोगी पडेल.

(१) रंग: (अ) पांढरा. (ब) गुलाबी.
(२) पाकळ्या: (अ) ताठ. (ब) किंचित झुकलेल्या, विनयशील.
(३) सुगंध: (अ) मंद. (ब) पूर्वी असावा.
(४) देठाची उंची: (अ) नऊ इंच. (ब) तेवीस सेंटिमीटर.
(५) आढळ: (अ) बरडावर. (ब) त्याच बरडावर, परंतु (अ) नसताना.
(६) संख्या: (अ) चारशे बारा. (ब) त्रेसष्ट.

पाचव्या मुद्द्यावरून असे सिद्ध होते की या दोन जातींचे परस्परांशी पटत नाही. सहाव्यावरून असे सिद्ध होते की (ब) ही जात दुर्मिळ आहे. आणि दुर्मिळ वस्तू सापडली की तिच्याभोवती कुंपण घालावेच लागते, नाहीतर ती दुर्मिळ आहे हे कोणाला कळणार? (ब) ही उंच जात असल्यामुळे तिचे फूल बकरीच्या तोंडाला सहज लागते, सबब सदर बरडावर बकऱ्या चारण्यास मनाई करण्यात येत आहे, असा हुकूम साठ सालच्या पावसाळ्यात निघाला. पंजाबरावाने पाटी रोवली आणि काटेरी तार ओढली. तार थोडी कमी पडली, तेव्हा एका बाजूला त्याने नुसता हात वर करून उभे राहावे असे ठरले. जेवणाच्या सुट्टीत ती बाजू उघडी असे.

हुकूम निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी मानीबाई कार्यालयात आली.

मानीबाई ही बरडाला लागून असलेल्या सेवादास नाईकाच्या तांड्यावरची विधवा बाई. तिच्याजवळ शेत नव्हते, एकोणीस बकऱ्या होत्या. पावसाळ्यात चहूकडे पेरलेले असते. बकरीने कोणाच्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, तोंड लावले की कोंडवाडा. त्या चार महिन्यांत बकरी उभी करायला तांड्याजवळ तो बरड सोडून वीतभर जागा नव्हती. बरड गेला तर बकऱ्या गेल्या, आणि बकऱ्या गेल्या तर मानीबाईजवळ मानीबाईच उरत होती. हे सगळे तिने मला उभ्या उभ्या सांगितले. मी तिला रिकामी खुर्ची दिली नाही, कारण अभ्यागतासाठी वेगळी खुर्ची मंजूर नव्हती.

"बाबू," ती म्हणाली, "बकरी त्या फुलाले तोंड नाही लावत. त्याचा कांदा लय कडू. एकडाव खाल्लं तं दिवसभर थुंकून राह्यते. तुमच्या फुलाले माह्या बकरीचा काय तरास?"

मी तिचे म्हणणे लिहून घेतले. नमुन्यात बकरीच्या आवडीनिवडीचा रकाना नव्हता, म्हणून शेरा दिला: 'अर्जदार बकऱ्यांच्या वतीने बोलते. वकीलपत्र जोडलेले नाही.'

"अन् दोन फुलं कुठून आणली तुम्ही?" मानीबाई भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत म्हणाली. तिला वाचता येत नव्हते, पण पंजाबरावाने तक्त्याखाली दोन फुलांची चित्रे काढून चिकटवली होती. "हे पह्यल्या दिवसाचं होय, अन् हे तिसऱ्या दिवसाचं. पह्यल्या दिवशी पांढरं, मंग गुलाबी, मंग सुकून जाते. आमच्या तांड्यावरचं लेकरूबी सांगन."

आता मी काही दगड नव्हतो. पांढरे फूल पहिल्या दिवशीचे, कारण नागपूर जवळ होते; गुलाबी तिसऱ्या दिवशीचे, कारण मुंबई लांब आहे, असा माझ्या डोक्यात त्याच क्षणी लख्ख प्रकाश पडला. परंतु माझी वेतनश्रेणी ही लख्ख प्रकाश पडण्याची वेतनश्रेणी नव्हती. मी मानीबाईला नियम सांगितला: जातीविषयी हरकत फक्त प्रमाणित ओळखकाराकडूनच घेतली जाते, आणि प्रमाणित व्हायचे तर परीक्षा द्यावी लागते.

"मंग घ्या परीक्षा," मानीबाई म्हणाली.

परीक्षा एकसष्टच्या पावसाळ्यात झाली. सात उमेदवार होते. त्यांत शाळेचे किसनराव मास्तर होते, एक सेवानिवृत्त जंगल गार्ड होता, मानीबाई होती, आणि बाकीचे चौघे पाऊस आला म्हणून आत आले होते. पद्धत शास्त्रशुद्ध होती. एका परातीत वीस फुले, त्यातली दहा (अ) आणि दहा (ब). उमेदवाराने त्यांचे दोन ढीग करायचे. दहा (अ) पंजाबरावाने त्याच सकाळी तांड्याच्या बरडावरून आणली. दहा (ब) वणीच्या रस्त्याकडून आणली, कारण तिकडे पाऊस दोन दिवस आधी झाला होता. मी रीतसर नोंद केली आणि परातीत पाणी शिंपडले. अकरा वाजता मुंबईचे परीक्षक यायचे होते.

परीक्षकांची मोटार करंजीजवळ बिघडली. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार वाजता आले. उमेदवारांनी कार्यालयातच वस्ती केली. मानीबाई घरी जाऊन बकऱ्यांना पाला टाकून आली. दरम्यान परातीतली वीसही फुले गुलाबी होऊन, माना टाकून, एकमेकांच्या गळ्यात गळा घालून पडली होती. मी परीक्षकांच्या नजरेस हे आणले. त्यांनी नोंदवही पाहिली. नोंदवहीत दहा (अ) आणि दहा (ब) असे स्वच्छ लिहिलेले होते.

"मग अडचण काय आहे?" ते म्हणाले. अडचण काहीच नव्हती.

किसनराव मास्तर परातीजवळ गेले. त्यांनी चष्मा पुसला, दहा फुले मोजून उजवीकडे ठेवली, दहा मोजून डावीकडे ठेवली आणि हात जोडले. शंभरपैकी शंभर गुण. जंगल गार्डने अकरा आणि नऊ केली; त्याला पंच्याण्णव. पावसामुळे आलेल्या चौघांनी एकमेकांचे बघून केले आणि चौघेही पास झाले. मानीबाईने परातीकडे पाहिले, वीसही फुले ओंजळीत घेतली आणि टेबलावर एकच ढीग केला.

"एकच हाय सायेब," ती म्हणाली. "अन् सुकलं."

शून्य. परीक्षकांचा शेरा माझ्या अजून लक्षात आहे: 'उमेदवारास भेद करता येत नाही. चिकित्सक वृत्तीचा अभाव. स्वभाव आग्रही.'

नियमाप्रमाणे मानीबाईची हरकत प्रमाणित ओळखकार किसनराव यांच्याकडे अभिप्रायासाठी गेली, आणि त्यांनी ती फेटाळली. नंतर ते मला बाजारात भेटले तेव्हा त्यांना खाली बघवत नव्हते आणि वरही बघवत नव्हते. "बाबू, मले काय समजते फुलातलं?" ते म्हणाले. "परीक्षेसाठी दोन दिवसांची पगारी रजा भेटत होती, म्हणून गेलतो. दहा मोजले अन् थांबलो. त्या बाईचं असं होईन हे कुठं माह्यीत होतं मले?" मी त्यांना समजावले की प्रमाणपत्र मिळाल्यावर असे बोलू नये. अशाने प्रमाणपत्राचा अपमान होतो.

मानीबाई बकऱ्या तीन मैल लांब जंगलाच्या कडेला नेऊ लागली. त्या पावसाळ्यात बिबट्याने दोन नेल्या. पाच तिने वणीच्या बाजारात विकल्या, कारण एवढ्या लांब इतक्या बकऱ्या एकटीने सांभाळणे तिला होईना. तिच्या पायाला काटा लागून तो पिकला आणि ती महिनाभर लंगडत होती. मला वाईट वाटले. अगदी खरे सांगायचे तर जेवण जात नव्हते. पण शेऱ्याचा रकाना अर्धा इंच रुंद होता. त्यात एवढे बसले नसते.

इकडे संरक्षणाचे काम उत्तम चालले होते. त्याची आकडेवारी पुढीलप्रमाणे. सन १९६०, कुंपणापूर्वी: फुले चारशेच्या वर. सन १९६१: दोनशे चाळीस. सन १९६२: एकेचाळीस. सन १९६३: तीन (पैकी एक पंजाबरावाच्या पायाखाली). कुंपणाच्या आत गवत मात्र कमरेएवढे झाले होते.

"बाबू," पंजाबराव एकदा म्हणाला, "गवत वाढलं म्हणून फूल गेलं. बकऱ्या गवत खात, फुलाले ऊन भेटे. आता कायचं ऊन भेटते? बकऱ्या सोडा आत."

मी त्याला आठवण करून दिली की तो शिपाई आहे. तरीही त्याचे म्हणणे मी वर कळवले, फक्त त्याचे नाव गाळले आणि बकऱ्या हा शब्द बदलून 'चतुष्पाद घटक' केला. वरून तज्ज्ञ समितीचे उत्तर आले. फुले कमी होण्याचे कारण बकऱ्याच होत, असे तिचे ठाम मत पडले. बकऱ्या आत जात नसल्या तरी कुंपणाच्या कडेने जाताना आत बघतात, आणि संवेदनशील वनस्पतींवर याचा परिणाम होतो. सबब बकऱ्यांनी कुंपणापासून शंभर यार्ड अंतर ठेवावे व जाताना तोंड उजवीकडे ठेवावे. ही सूचना मी तांड्यावर जाऊन वाचून दाखवली. सेवादास नाईकांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "अन् येता खेपी डावीकडं का?" मी स्पष्टीकरण मागवले. ते अजून आलेले नाही.

चौसष्टच्या पावसाळ्यात बरडावर एकही फूल आले नाही. पहिल्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी दोन्ही जातींपुढे 'निरंक' लिहिले. वर्षअखेरीस पत्र आले. त्यातले एक वाक्य मी आजही तोंडपाठ म्हणू शकतो: 'सदर जागी संरक्षण करण्याजोगे काहीही शिल्लक नसल्याने संरक्षणाचे उद्दिष्ट पूर्ण झाले असून जागा मोकळी करण्यात येत आहे.' सोबत अभिनंदन होते. पंजाबरावाने तार गुंडाळली. मी तांड्यावर जाऊन मानीबाईला सांगितले की बरड सुटला.

मधल्या पावसाळ्यांत आणखी पाच गेल्या होत्या; तिच्याजवळ आता सात बकऱ्या होत्या. ती उठली, बकऱ्या सोडल्या आणि चालायला लागली. मी बरडावर पोचेपर्यंत बकऱ्या गवतात शिरलेल्या होत्या आणि नुसते त्यांचे कान दिसत होते. तांड्यावरच्या बाकीच्या बायांनीही आपापल्या बकऱ्या आणल्या. उन्हाळा लागेपर्यंत बरड पुन्हा टक्कल पडल्यासारखा झाला.

पासष्टच्या जुलैत चार दिवस झोडपून उघडीप झाली. मी रजा टाकली, छत्री घेतली, सवयीने पिशवीत नोंदवही आणि पट्टी टाकली, आणि बरडावर गेलो.

सगळा बरड पांढरा झालेला होता. इतकी फुले मी साठ सालीही पाहिली नव्हती. बकऱ्या त्यांच्यामधून फिरत होत्या, गवत ओरबाडत होत्या, आणि एकही बकरी फुलाला तोंड लावत नव्हती. मला रडू आले. सरकारी नोकराला रानात, उभ्या उभ्या, छत्रीखाली रडू आले. ते आवरावे म्हणून मी फुले मोजायला लागलो. दोनशे चौदापर्यंत आलो असेन.

"लिवता का, बाबू?" मागून मानीबाई म्हणाली.

नियम सोपा होता. फूल दिसले की चोवीस तासांच्या आत तार. तार गेली की तज्ज्ञ, तज्ज्ञ आले की तिसरा दिवस, तिसरा दिवस आला की (ब), आणि (ब) आली की कुंपण. मानीबाई माझ्या पिशवीकडे बघत उभी होती. एक बकरी तिच्या लुगड्याला अंग घासत होती.

मी खाली दगडावर बसलो आणि का कोण जाणे, तो तक्ता तिला पहिल्यापासून वाचून दाखवला. ती ऐकत होती. चौथ्या मुद्द्यावर तिने मला थांबवले.

"नऊ इंच म्हंजे केवढं?"

मी पट्टीच्या एका कडेवर बोट ठेवून दाखवले.

"अन् ते तेवीस?"

पट्टी नवीन चालीची होती. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. मी दुसऱ्या कडेवर बोट ठेवले. दोन्ही बोटे पट्टीच्या दोन कडांवर समोरासमोर आली. मानीबाई हसायला लागली. इतकी हसली की बकऱ्यांनी चरणे थांबवून तिच्याकडे पाहिले.

"ह्या बाजूनं नऊ, त्या बाजूनं तेवीस," ती डोळे पुसत म्हणाली. "लाकूड तं एकच हाय, बाबू!"

मी तार केली नाही. नोंदवहीत 'निरंक' लिहिले आणि सही केली. तेवीस वर्षांच्या नोकरीत ही माझी पहिली खोटी नोंद, आणि मला वाटते, पहिली उपयोगी. पुढच्या वर्षीही निरंक, त्याच्या पुढच्या वर्षीही निरंक. ओळखण्यासारखे काही उरले नाही म्हणून कार्यालय बंद झाले आणि मी पेन्शनीत निघालो. मानीबाईच्या बकऱ्या तेव्हा तेरा झाल्या होत्या.

वाचकहो, हा तक्ता मी तुम्हालाही दाखवला होता. नीट वाचा असे बजावलेही होते. तुम्ही चौथ्या मुद्द्यावरून सरळ पाचव्यावर गेलात, आणि (ब) उंच आहे म्हणून बकरीच्या तोंडाला लागते, हेही माझ्याकडून निमूट ऐकून घेतलेत. वरून परीक्षकांना हसलात. त्यावरून वाचकांच्या दोन जाती पडतात: (अ) ज्यांच्या लक्षात आले नाही, आणि (ब) ज्यांच्या लक्षात आले, पण कशाला मध्ये बोला म्हणून जे पुढे वाचत राहिले. या दोन जातींतला फरक ओळखायला मुंबईहून कोणी येईल तेव्हा येईल. मानीबाई मात्र तुम्हाला एकाच ढिगात घालील. मी त्या ढिगात पूर्वीपासून आहे; जरा सरकून घेतो, या.